निळी चिप, लपलेली धग

गोव्यातल्या कुंडईच्या एका वर्कशॉपमध्ये बार्जचा स्टेनलेस शाफ्ट लेथवर चढला होता. मशीन थांबल्यावर मी दुरून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन रोखली: ४१ अंश. भरवशाने बोट टेकवलं आणि चटका बसला. मग शाफ्टला काळी इन्सुलेशन टेप चिकटवून पुन्हा रोखली, तर आकडा ७८. लकाकता धातू स्वतःची उष्णता फारच कमी बाहेर टाकतो. गनला दिसतं ते बहुतेक आजूबाजूच्या भिंतींच्या उष्णतेचं प्रतिबिंब. "गन ठेव खाली, चिप बघ," आमचे वयस्क टर्नर म्हणाले.

चिप म्हणजे कापताना सोलून निघणारी धातूची साल; ती बघायची रीत जुनी. साध्या पोलादावर २२० अंशांच्या आसपास फिकट पिवळा रंग चढतो, ३०० जवळ निळा. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात टेलर आणि व्हाइट यांच्या टूलचं टोक लालबुंद होऊनही कापत राहिलं आणि खाली निळ्या चिपा पडल्या, तेव्हा बघणाऱ्यांना तापमापकाची गरजच नव्हती. त्याआधी रमफर्डने म्युनिकला तोफेचं भोक बोथट हत्याराने, घोडे जुंपून पाडलं आणि अडीच तासांत भोवतालचं पाणी उकळवलं. हे त्याने १७९८ मध्ये मांडलं. उष्णता किती निघते ते कळलं; नेमकी कुठे किती चढते, ते नाही.

खरी अडचण हीच. सगळ्यात तापलेली जागा टूल आणि चिप यांच्या मधोमध दबलेली असते. तिथे काही घुसवायला फटच नाही. १९२५-२६ च्या सुमारास अमेरिकेत शोर, जर्मनीत गॉटवाइन आणि इंग्लंडमध्ये हर्बर्ट यांनी वेगवेगळं काम करून एकच युक्ती काढली: टूल आणि जॉब (कापला जाणारा तुकडा) हेच थर्मोकपलचे, म्हणजे दोन धातूंच्या सांध्याने तापमान मोजणाऱ्या साधनाचे, दोन धातू मानायचे. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापला की वीज निर्माण होते; हा परिणाम झेबेकला १८२१ मध्येच आढळला होता. युक्ती देखणी, पण जॉब आणि टूल मशीनपासून विजेच्या दृष्टीने तोडावे लागतात, टूलचा धातू बदलला की मोजणीचं गणित नव्याने बसवावं लागतं, आणि हाती येते ती सरासरीच.

बूथरॉइड या संशोधकाने १९६१ मध्ये, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, इन्फ्रारेड फिल्मवर कापणीचे फोटो काढले. फिल्मला कमी धग दिसत नसे, म्हणून जॉबच आधी सहाशेएक अंशांपर्यंत तापवावा लागे! आजच्या थर्मल कॅमेऱ्याला ती कसरत लागत नाही. चिप आणि कूलंट (कापताना ओततात ते थंड करणारं द्रव) मात्र त्याच्याही आड येतातच.

आमच्या गनच्या मुठीला आता काळ्या टेपचं भेंडोळं सुतळीने बांधलेलं आहे.