ब्रेकमध्ये हवा की ब्रेक ऑइलमध्ये पाणी?

कन्नडचा घाट उतरून चाळीसगावला आलेली गाडी गॅरेजवर लागते. "घाटात पेडल पार खाली गेलं," मालक सांगतो. मेकॅनिक दाबून बघतो, तर पेडल टणक. "थोडी हवा असेल," म्हणत तो तेवढ्यापुरतं ब्लीडिंग करून देतो, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून देतो. काळजी वाटते ती इथेच.

हवा लपत नाही. सकाळी अंगणात, गाडी थंड असतानाही पेडल मऊ लागतं आणि दोन-तीनदा भराभर दाबलं की वर येतं. नुकतंच झालेलं ब्रेकचं काम, कुठेतरी गळती किंवा ब्रेक ऑइलच्या डबीत फार उतरलेलं ऑइल, असं काहीतरी कारण मागे असतंच.

पाणी मात्र गाडी थंड असेपर्यंत कळूच देत नाही. डॉट ३ आणि डॉट ४ या प्रकारांचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. रबरी होजमधूनही तो हळूहळू आत शिरतो. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर मानकाची हमी उरते फक्त १५५ अंशांची. डॉट ३ ची २०५ वरून १४० वर येते. उतारावर सतत पाय ठेवला की कॅलिपर (चाकाजवळ ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) तापतो, आत वाफ धरते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली बसतं. गाडी गार झाली की वाफ जिरते, पेडल पुन्हा ठणठणीत.

(पेडल टणक राहूनही गाडी थांबत नसेल, तर तापलेले पॅड बघा. ते दुखणं वेगळं.)

"जळगावच्या मे महिन्यात कसला ओलावा?" असं ऐकायला मिळतं. पण त्याच ऑइलने पावसाळेही काढलेले असतात. रंगावरूनही ठरवू नका: स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलमध्ये पाणी असू शकतं.

पेनसारखा टेस्टर मिळतो. त्यावर ऑइलचा प्रकार निवडून टोक डबीत बुडवायचं. ऑइलमधून वीज किती वाहते यावरून तो पाण्याचा अंदाज देतो. ३ टक्क्यांच्या आसपास दाखवलं तर सगळं ऑइल बदला. डबीत वरून नवं ऑइल ओतलेलं असेल तर आकडा फसवा येतो. अशा वेळी कॅलिपरच्या निपलमधून (ऑइल काढायच्या तोटीतून) थोडं ऑइल काढून तपासायला सांगा, आणि बदलताना सीलबंद डबा आपल्यासमोर फोडून घ्या.