पूर्वजांच्या तारखांभोवतीचा काळ

वंशावळीत पंचविशीतला कुणी १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात वारलेला दिसला, तर आधी आठवावी ती इन्फ्लुएन्झाची साथ. वर्षाच्या सुरुवातीची लाट तुलनेने सौम्य होती. शरदातल्या दुसऱ्या लाटेने जगभर हाहाकार माजवला. एरवी फ्लू लहानग्यांना आणि म्हाताऱ्यांना गाठतो, या साथीत वीस ते चाळिशीतली धडधाकट माणसंही पटापट गेली. त्याच घरात महिन्याभरात दुसरा मृत्यू, पुढच्या वर्षी पुनर्विवाह, पोर नातेवाइकांकडे वाढलेलं, अशा सुट्या नोंदींची मग सांगड लागते. अर्थात महायुद्धही ११ नोव्हेंबरपर्यंत चालूच होतं, त्यामुळे मृत्यूचं कारण कागदावर पाहिल्याशिवाय काहीही गृहीत धरू नये.

मुळात हाती आलेली तारीख कुठल्या पंचांगातली, हेही बघावं लागतं. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींत जुनं ज्युलियन पंचांग सोडून आजचं ग्रेगोरियन स्वीकारताना १७५२ साली २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. त्याआधी इंग्लंडमध्ये कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म तेव्हाच्या गणनेने ११ फेब्रुवारी १७३१ चा, आजच्या गणनेने २२ फेब्रुवारी १७३२ चा. आईबापांचं लग्न एप्रिल १७३० मध्ये आणि मुलाचा बाप्तिस्मा जानेवारी १७३० मध्ये, अशी नोंद पाहून कितीतरी जण त्या जोडप्याबद्दल भलतीच शंका घेतात. बिचाऱ्यांचं काही चुकलेलं नसतं. तो जानेवारी एप्रिलनंतरच आलेला असतो.

इंग्लंडमधल्या चर्चच्या नोंदवह्या १५३८ पासूनच्या, पण त्यांत मुख्यतः बाप्तिस्मा आणि दफन सापडतं, जन्म-मृत्यू नव्हे. सरकारी नोंदणी १८३७ च्या जुलैत सुरू झाली. १८७५ पासून ४२ दिवसांत जन्म नोंदवणं पालकांवर बंधनकारक झालं, नाहीतर दंड. तो चुकवायला काहींनी जन्मतारीखच पुढे ढकलली.

वयाचंही तसंच. इंग्लंडच्या १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती. म्हणजे '३५' लिहिलेला माणूस ३९ चाही असू शकतो. तरी १८१६ साली तो दहा ते पंधरा वर्षांचा होता, एवढं पक्कं धरता येतं. आदल्या वर्षीच्या एप्रिलात इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता, आणि त्यामुळे १८१६ च्या गारठलेल्या उन्हाळ्यात युरोपात पिकं बुडाली, धान्य महागलं. कुटुंबाने त्याच सुमाराला गाव सोडलेलं दिसलं, तर कारणाचा शोध इथून सुरू करावा.