काव्यावरोध

कविता लिहू पाहणाऱ्याला बराच काळ ओळच न सुचणे, किंवा सुचलेली ओळ पुढे न सरकणे, या अवस्थेला काव्यावरोध म्हणता येईल. हा शब्द पुस्तकी आहे. कवी एकमेकांत ‘कविता अडलीय’, ‘आटलोय’ असे म्हणतात. बहुतेक जण तर ‘सध्या काही लिहीत नाही’ एवढेच सांगून विषय बदलतात. कादंबरीकार अडला तरी त्याच्यापाशी निदान पात्रे आणि प्रसंग उरतात. कवितेची पुढची ओळ मात्र मागच्या ओळीच्या नादातून निघते. तो नाद कानांतून गेला की हातात काहीच राहत नाही, म्हणून कवीचे अडणे अधिक घाबरवणारे.

लेखकाच्या या अडण्याला स्वतंत्र नाव देऊन त्याची मानसशास्त्रीय चर्चा एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकाने १९४०च्या दशकात केली. व्याधी अर्थातच त्याहून जुनी आहे. तिच्यावरचा सर्वांत व्यवहारी विचार भारतात दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ या संस्कृत ग्रंथात करून ठेवला. कनौजच्या प्रतिहार दरबारातला हा कवी यायावर कुळातला. आपल्या पणजोबाला, अकालजलदाला, तो ‘महाराष्ट्रचूडामणि’ म्हणवतो. ग्रंथाचे पहिले अधिकरण (विभाग) तेवढे उरले आहे. ते १९१६ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेतला पहिला ग्रंथ म्हणून छापले गेले.

त्यातल्या दहाव्या अध्यायात कवीची दिनचर्या आहे. दिवसाचा पहिला प्रहर वाचन-अध्ययनाचा, दुसरा रचनेचा. जेवणानंतर काव्यगोष्ठी, म्हणजे चार जाणत्यांत बसणे. सकाळी रचलेले तपासायचे ते थेट चौथ्या प्रहरी. कारणही दिले आहे: रसाच्या आवेशात रचताना पारख करणारी नजर जागी नसते, म्हणून परीक्षा नंतर करावी. काव्यावरोधावरचा सगळ्यांत उपयोगी सल्ला हाच, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अडलेला कवी बहुधा दुसऱ्या प्रहरीच चौथ्या प्रहराचे काम करत असतो. ओळ अर्धी उमटायच्या आत तिच्यातला शिळेपणा त्याला दिसतो आणि तो ती खोडतो. रिकामा कागद दिसतो खरा, पण त्यावर पाच-सहा ओळी मनातल्या मनात खोडून झालेल्या असतात.

राजशेखर कवीच्या हाताशी असायच्या वस्तूही मोजतो: फळी आणि खडू, ताडपत्रे किंवा भूर्जपत्रे, दौत-लेखणी, लोखंडी कंटक (टोकदार खिळा), आणि गुळगुळीत घोटलेल्या भिंती. फळी आणि भिंत यांवरचे पुसता येते, हे महत्त्वाचे. पुसता येणाऱ्या जागी हात धीटपणे चालतो. आजही कोऱ्या वहीपेक्षा बिलाच्या पाठीमागे ओळ लवकर येते, ती त्यामुळेच. प्रबंध, म्हणजे काव्यरचना, कशाने नष्ट होतात हे सांगताना अग्नी, पाणी, देशत्याग, अल्पायुष्य यांच्या जोडीला तो कर्त्याची चलबिचल ठेवतो: ‘पुन्हा कधी पुरे करीन, पुन्हा सुधारीन, मित्रांशी बोलून पाहीन.’ मित्रांचे हे खाते आता व्हॉट्सॲपवरचे कविसमूह सांभाळतात. कवित्वाच्या आठ माता त्याने सांगितल्या, त्यांत प्रतिभा आणि अभ्यासाबरोबर स्वास्थ्य आहे आणि शेवटी ‘अनिर्वेद’, म्हणजे खचून न जाणे.

केवळ रचनेच्याच ओढीने बसणारे, गुहेत कोंडून घेणारे असे कवींचे प्रकारही तो पाडतो. त्यांपैकी ‘दत्तावसर’ म्हणजे नोकरी-चाकरीतून सवड काढून लिहिणारा. आधुनिक मराठी कवी बहुतांशी याच जातीचे. केशवसुत शाळामास्तर होते, मर्ढेकर आकाशवाणीत. मात्र केशवसुतांच्या ‘झपूर्झा’ (१८९३) या कवितेने तंद्रीत हरवलेल्या कवीचे जे रूप मराठी मनावर ठसवले, त्याला वेळापत्रक मानवत नाही. त्यातून ‘आतून आल्याशिवाय लिहू नये’ हा दंडक पडला आणि वाट पाहण्याला प्रतिष्ठा मिळाली. केशवसुतांना यात दोष देणे अन्यायाचे होईल. ती कविता तंद्रीची आहे, आळसाची नव्हे.

उलट बाजूला बंधनाचा उपाय आहे. समस्यापूर्तीत शेवटचा चरण आयता मिळतो आणि मागचे तीन जुळवायचे असतात. बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) परंपरेच्या गणतीप्रमाणे १०८ रामायणे रचली आणि अनेकांत स्वतःला अट घालून घेतली. ‘निरोष्ठ रामायणा’त ओठ जुळवून उच्चारायची अक्षरेच वर्ज्य, म्हणजे रामायण लिहायचे आणि ‘राम’ म्हणायचे नाही. समीक्षकांनी अशा रचनेला कसरत म्हटले, आणि ती आहेच. पण कसरत करणाऱ्याला ‘काय लिहू’ हा प्रश्न पडत नाही, ‘कसे बसवू’ एवढाच पडतो. गझल लिहिणारे हे काफिया-रदीफच्या, म्हणजे यमक आणि त्यामागे तेच येणारे शब्द यांच्या, अनुभवाने जाणतात.

जात्यावरच्या ओवीत तर अडायला जागाच नाही. ‘पहिली माझी ओवी’ ही सुरुवात तयार, दुसरीला ‘दुसरी’ तयार. जात्याची फेरी लय देते, समोरची जाऊ किंवा नणंद पुढचे कडवे उचलते. हेमा रायरकर आणि गी पॉइतव्हाँ या अभ्यासकांच्या पुढाकाराने गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या. त्या बायांनी स्वतःला कवी म्हणवले नाही, हाही त्यांच्या मोकळेपणाचा भाग असावा.

प्रत्येक मौन मात्र अवरोध नसते. विंदा करंदीकरांचा ‘विरूपिका’ १९८१ मध्ये आला. पुढे मुलांसाठीच्या कविता सोडल्या तर त्यांचा नवा संग्रह थेट २००३ मध्ये, ‘अष्टदर्शने’. त्यात देकार्तपासून बर्गसाँपर्यंतचे सात पाश्चात्त्य तत्त्वज्ञ आहेत आणि आठवा चार्वाक. मधली वर्षे अडण्याची होती की मुरण्याची, हे बाहेरच्याने ठरवू नये.