लिंबाच्या पानात ‘क’ जीवनसत्त्व शोधू नका

‘रश्श्यात लिंबाची पानं टाकली की क जीवनसत्त्व आपोआप मिळतं,’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते खरं नाही.

साधा हिशोब करू. 100 ग्रॅम संत्र्यात सुमारे 53 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. पानातही तेवढंच आहे असं क्षणभर धरलं, तरी चार पानांचं वजन जेमतेम चार ग्रॅम, म्हणजे फार तर दोन मिलिग्रॅम. प्रौढ माणसाची रोजची गरज 65 ते 90 मिलिग्रॅमच्या घरात आहे. त्यातही हे जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होतं आणि अख्खी पानं आपण शेवटी ताटाच्या कडेला काढून ठेवतो. कॅल्शियम, लोह वगैरेही एवढ्याशा पानांतून नगण्यच मिळतं.

मग पान टाकायचं कशाला? सुगंधासाठी! थायलंडच्या स्वयंपाकातल्या मकरूट लिंबाच्या पानातल्या तेलात सिट्रोनेलाल हे द्रव्य सर्वाधिक असतं. पान चुरगळताच दरवळतो तो वास मुख्यतः त्याचाच. आंबटपणा मात्र पानात नसतो. तो फळातल्या सायट्रिक आम्लाचा.

मला हा सुगंध मनापासून आवडतो, म्हणूनच त्याला औषधाचं लेबल चिकटवलेलं खटकतं. जीवनसत्त्व हवं असेल तर रस्सा आचेवरून उतरवल्यावर वरून लिंबू पिळा.