घरच्या केकवर शरदाचा साज, तोही बेताच्या खर्चात

आश्विन लागला की दुकानात एक मागणी हमखास येते. मोबाईलवर फोटो असतो: नारिंगी भोपळे, लालभडक मेपलची पानं, दालचिनीच्या कांड्या. ‘असा केक घरी करायचाय, काय काय घ्यावं लागेल?’ तयार पानं, साचे, चार-पाच रंग अशी यादी काढली तर केकपेक्षा सजावटच महाग पडते. ते टाळता यावं म्हणून हे पत्रक आमच्या ग्राहकांच्या हाती देत आहोत.

फोटोतला देखावा अमेरिका-कॅनडाकडचा. तिकडे याच दिवसांत पानं रंगतात, गळतात आणि भोपळा शेतातून घरी येतो. आपली पानगळ शिशिरातली. आपल्याकडे दसऱ्याच्या सुमारास खानापूर आणि बेळगाव तालुक्यात भात पिवळं पडू लागलेलं असतं, बाजारात झेंडू-शेवंतीचे ढीग लागतात, आपट्याच्या पानांचे भारे येतात. आमचं मत विचाराल तर शरदाचा केक आपल्याच शिवारातून उचलावा. साचे विकत घ्यावे लागत नाहीत आणि घरातली आजीसुद्धा केक बघून लगेच ओळखते, हे काय आहे ते.

रंग दोनच घ्या

एक पिवळा, एक लाल, दोन्ही जेलचे. बाकी काम कोको पावडर करते. क्रीम तीन वाट्यांत विभागा. मोठ्या वाटीत पिवळ्याचा अगदी ठिपका टाका, पिकल्या भाताचा रंग येतो. हा सगळ्या केकला लावायचा. दुसऱ्या वाटीत पिवळा जास्त आणि लाल कमी, म्हणजे झेंडूचा नारिंगी. तिसऱ्या वाटीत हाच नारिंगी करून त्यात चाळलेली कोको पावडर चिमटीचिमटीने घाला, विटकरी रंग येतो. रंग टूथपिकच्या टोकाने घ्या. बटरक्रीमचा रंग ठेवल्यावर आणखी गडद होतो, म्हणून हवा त्याहून थोडा फिकाच थांबवा आणि दोन-तीन तासांनी बघा. लाल रंग सढळ हाताने घातला तर क्रीम कडवट लागतं. पातळ पाण्याचे रंग स्वस्त मिळतात, पण त्यांनी क्रीम सैल पडतं आणि फुलं बसत नाहीत.

रंगाची बाटली घेताना त्यावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक आहे का ते वाचा. आमच्याकडून घ्या नाहीतर दुसरीकडून, पण वाचा. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरीतल्या कृत्रिम रंगांवर आणि कॉटन कँडीतल्या रोडामाइन-बीवर बंदी घातली, ती नमुन्यांत घातक रंग सापडले म्हणून. रोडामाइन-बी हा कापड रंगवायचा रंग आहे. सुटा, नाव नसलेला रंग मुलांच्या केकमध्ये कधीच घालू नका.

सोन्याची पानं

सगळ्या केकचं रूप या पानांवर आहे, म्हणून वेळ इथे द्या. पांढरं कंपाउंड चॉकलेट १०० ग्रॅम घेतलं तर मध्यम आकाराची वीस-पंचवीस पानं आरामात होतात. ते बारीक चिरून कोरड्या भांड्यात घ्या आणि खाली गरम पाणी ठेवून, गॅस बंद करून, हलवत वितळवा. पाण्याचा एक थेंबही आत जाऊ देऊ नका. लगेच घट्ट होऊन गोळा होतो. जेल रंगही यात चालत नाही, तोही पाण्यातलाच. मग सोनेरी रंग कसा आणायचा? चिमूटभर हळद. हळदीचा रंग चॉकलेटातल्या स्निग्धात छान उतरतो आणि चिमटीएवढ्या हळदीची चव लागत नाही. थोडी पानं काळसर हवी असतील तर उरलेल्या मिश्रणात चमचाभर डार्क कंपाउंड घाला.

मिश्रण बटर पेपरवर नाण्याच्या जाडीइतकं पसरा. चकाकी गेली, पण बोट लावल्यावर ठसा उमटतो आहे, अशा वेळी कापायला घ्यायचं. आधी कापलंत तर कडा वाहतात, उशीर झाला तर पान तडकतं. जाड कागदावर आपट्याच्या पानाचा आकार काढून ठेवा: देठाकडे गोलसर, टोकाला मधोमध खाच, दोन्ही बाजू सारख्या. तो ठेवून सुरीच्या टोकाने कडेने फिरवा. देठापासून वर पसरणाऱ्या शिरा टूथपिकने ओढा. आता बटर पेपरसकट ते लाटण्यावर हलकेच गुंडाळून दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. पानांना बाक येतो, आणि तो बाक आला की पान खरं वाटतं. सपाट पान केकवर कागदासारखं दिसतं.

शेजारी कानडी बोलणारं कुटुंब असेल तर त्यांच्यासाठी बन्नीची, म्हणजे शमीची, डहाळीही काढा. त्यांच्याकडे दसऱ्याला ती देतात. विटकरी क्रीमची बारीक काडी आणि दोन्ही बाजूंना छोटे छोटे थेंब, एवढंच.

झेंडू, कणीस आणि माती

झेंडूला लहान स्टार नोझल (क्रीमच्या पिशवीला लावायचं चांदणीच्या तोंडाचं टोक) पुरतं. आधी नारिंगी क्रीमचा छोटा उंचवटा करा, मग कडेपासून आत एकाला एक चिकटून ठिपके ओढत या. मधले दोन-चार विटकरी करा. तीन किंवा पाच फुलं एका कोपऱ्यात एकत्र बसवा. केकभर विखुरली की गर्दी होते. नोझल नसेल तर दुधाची रिकामी पिशवी धुऊन, पूर्ण कोरडी करून वापरा. टोक दोन्ही बाजूंनी तिरकं कापून अणकुचीदार केलं की त्यातून थेट पान पडतं.

भाताचं कणीस पिवळ्या क्रीमने बाजूवरून वर चढवा आणि दाण्यांवर भाजलेले तीळ चिकटवा. तळाशी पारले-जीचा चुरा थोड्या कोकोत मिसळून लावा, शेतातली माती होते. खालच्या कडेचं ओबडधोबड क्रीमही त्याखाली झाकलं जातं.

भोपळा हवाच असेल तर दूध पावडर आणि पिठीसाखर सारखी घ्या, कंडेन्स्ड मिल्क लागेल तसं घालून मळा, नारिंगी रंग द्या, गोळ्यावर टूथपिकने चरे पाडा. देठाला लवंग लावतात, पण वाढण्याआधी ती काढायची आठवण ठेवा. फॉन्डंटपेक्षा (साखरेच्या तयार लगद्यापेक्षा) हे स्वस्त पडतं आणि मुलं आवडीने खातात.

बाजारातला झेंडू किंवा शेवंती केकवर खोचू नका. ती फुलं औषध मारलेली असतात. कण्हेर तर विषारी, ताटाच्या जवळही नको. चमकी घेताना ‘खाण्यायोग्य’ असं लिहिलेलीच घ्या. नुसतं ‘बिनविषारी’ लिहिलेली खायची नसते.

काय विकत घ्यावं, काय नाही

किलोभर केकला न फेटलेलं २५० ते ३०० मिली व्हिपिंग क्रीम लागतं. बटरक्रीम करणार असाल तर १५० ग्रॅम बिनमिठाचं बटर आणि ३०० ग्रॅम आयसिंग शुगर. यात मात्र काटकसर करू नका, हलक्या प्रतीच्या क्रीमची चव तोंडात तुपकट राहते. टर्नटेबल एका केकसाठी घेऊ नका. पालथ्या भांड्यावर ताट ठेवून फिरवा. क्रीम सपाट करायला स्वच्छ धुतलेली स्टीलची पट्टी चालते. आयसिंग शुगरही घरी होते: कपभर साखर, चमचाभर कॉर्नफ्लोअर, मिक्सरमध्ये बारीक करून दोनदा चाळायची. एक मोठं स्टार नोझल, एक लहान आणि दोन रंग घेतलेत की पुढच्या कित्येक केकांना पुरतात.

स्पंज पूर्ण गार झाल्याशिवाय क्रीम लावू नका. ऑक्टोबरात दुपारचं ऊन तापतं आणि परतीच्या पावसात हवा दमट असते, तेव्हा व्हिपिंग क्रीमचा केक वाढेपर्यंत फ्रीजमध्येच ठेवा. केक दुचाकीवरून किंवा एसटीने दुसऱ्या गावी न्यायचा असेल तर पानं वेगळ्या डब्यात बटर पेपरच्या घडीत न्या आणि तिथे पोचल्यावर लावा. डबा पायाशी सपाट ठेवा, मांडीवर नको. मांडीवर तो कलंडतो आणि अंगाच्या उबेने क्रीम ढिलं पडतं.