इंग्लंडमध्ये फार्मसीत फ्लूची मोफत लस: कोणाला मिळते, कशी घ्यायची

“डायबेटिस आहे का?”

“नाही.”

“कुठल्या गोळ्या चालू आहेत?”

“मेटफॉर्मिन, सकाळ-संध्याकाळ. शुगरसाठी. पण रिपोर्ट आता एकदम नॉर्मल असतात हो.”

मी इथे फार्मसिस्ट आहे, आणि ऑक्टोबर लागला की फार्मसीच्या मागच्या छोट्या खोलीत हा संवाद आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. समोरचा माणूस खोटं बोलत नसतो. गोळ्यांनी शुगर ताब्यात आली म्हणजे आजार गेला, असा त्याचा सरळ हिशेब असतो. एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, हिशेब वेगळा आहे. गोळी चालू असो, इन्सुलिन असो की नुसतं पथ्य, डायबेटिसचं निदान झालेलं असेल तर फ्लूची लस मोफत. आणि हे गृहस्थ पाकीट उघडून पैसे काढायला लागलेले असतात.

इंग्लंडमधली आपली बरीच मंडळी एकतर सर्जरीच्या, म्हणजे आपल्या जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) दवाखान्याच्या, पत्राची वाट बघत बसतात, नाहीतर स्वतःच स्वतःला यादीतून काढून टाकतात. दोन्हीची गरज नसते. खाली जे लिहिलंय ते २०२५-२६ च्या हंगामाच्या नियमांप्रमाणे आणि फक्त इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी चालते.

फार्मसिस्टला हा अधिकार कुठून आला

सप्टेंबर २०१५ पासून इंग्लंडभरच्या फार्मसींना एनएचएसतर्फे मोठ्यांना फ्लूची लस देता येते. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. त्याऐवजी ‘पेशंट ग्रुप डायरेक्शन’ नावाचा एक लेखी आदेश असतो. कोणाला द्यायची, कुठली लस, किती डोस, कोणाला अजिबात द्यायची नाही, हे त्यात ठरलेलं असतं. प्रशिक्षण घेऊन फार्मसिस्ट त्यावर सही करतो आणि त्या चौकटीतच काम करतो. “अहो द्या ना, एवढं काय त्यात” असं कोणी कितीही गोड बोलून म्हणालं तरी आम्हाला हलता येत नाही ते यामुळे.

लस सर्जरीत घेतलीत काय आणि फार्मसीत घेतलीत काय, पात्र व्यक्तीला एक पेनीही भरावी लागत नाही. लसीमागे एनएचएस त्या-त्या ठिकाणाला पैसे देते. सर्जरी, फार्मसी आणि एनएचएस अशा तिन्ही बाजूंनी तुम्हाला मेसेज येत राहतात, त्यामागे हेही एक कारण आहेच.

मोफत कोणाला

वयाचा नियम सोपा, पण त्यात एक बारकावा आहे. ६५ वर्षं आज पूर्ण असायला हवीत असं नाही. ३१ मार्च २०२६ पर्यंत पूर्ण होणार असतील तरी चालतं. फेब्रुवारीत पासष्टी गाठणाऱ्याला ऑक्टोबरातच लस मिळते. ही तारीख दर हंगामाला एक वर्षाने पुढे सरकते.

पन्नाशीच्या लोकांचा गोंधळ मात्र अजून संपलेला नाही. कोविडच्या काळात ५० ते ६४ वयाच्या सगळ्यांनाच लस मोफत होती. २०२३-२४ च्या हंगामापासून ती सवलत बंद झाली. “मागे तर मिळाली होती” हे खरं असतं, पण आता ५५ वर्षांच्या ठणठणीत माणसाला ती एनएचएसकडून मिळत नाही.

१८ ते ६४ वयात आजार बघितला जातो, आणि घोळ होतो तो इथेच. डायबेटिसचं वर सांगितलं. दम्याच्या बाबतीत मी आधी इनहेलरचा रंग विचारतो. कधीमधी ओढायचा निळा इनहेलर तेवढा असेल तर तो पुरत नाही. रोजचा स्टेरॉइडचा इनहेलर, बहुतेकांकडे तपकिरी असतो तो, चालू असेल किंवा दम्यामुळे पूर्वी हॉस्पिटलात भरती व्हावं लागलं असेल तर पात्र. सीओपीडी (फुप्फुसांचा जुना आजार) आहे, बायपास किंवा अँजिओप्लास्टी होऊन हृदयाच्या गोळ्या चालू आहेत, किडनीचा आजार तिसऱ्या टप्प्यात किंवा त्यापुढे आहे, लिव्हरचा जुना आजार आहे, पक्षाघात किंवा पार्किन्सन्स आहे, कॅन्सरच्या उपचारांनी किंवा औषधांनी प्रतिकारशक्ती उतरली आहे, प्लीहा काढलेली आहे, सिकल सेल हा रक्ताचा आजार आहे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ४० किंवा त्याहून जास्त आहे: हे सगळे यादीत येतात. लर्निंग डिसॅबिलिटी (शिकण्या-समजण्यातली कायमची अडचण) असलेली व्यक्तीही येते.

नुसतं बीपी यादीत नाही. हे ऐकून लोक खट्टू होतात, कारण आपल्याकडे ‘बीपी-शुगर’ हा जोडशब्दच आहे आणि त्यातल्या एकाला लस मिळते, दुसऱ्याला नाही. बीपीमुळे हृदयावर परिणाम झालेला असेल तर गोष्ट वेगळी. थायरॉइडची गोळी किंवा कोलेस्टेरॉलची गोळी एवढ्यावरही मिळत नाही.

गरोदर स्त्रीला कुठल्याही महिन्यात मिळते.

आता ज्यांना आपण पात्र आहोत हे माहीतच नसतं, त्यांच्याबद्दल. घरात आजारी सासऱ्यांचं सगळं करणारी सून स्वतःला ‘केअरर’ म्हणवत नाही. ती म्हणते, घरचंच आहे, त्यात काय. पण तुम्ही आजारी पडलात तर ज्याची पंचाईत होईल अशा वृद्ध किंवा अपंग व्यक्तीची मुख्य जबाबदारी तुमच्यावर असेल, तर तुम्ही एनएचएसच्या लेखी केअरर आहात, पगार मिळो न मिळो. केअरर्स अलाउन्स हा सरकारी भत्ता घेणारे तर आहेतच. तसंच, केमोथेरपी चालू असलेल्या किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या माणसाबरोबर एका घरात राहणाऱ्यांनाही लस मोफत आहे. केमो चालू असलेल्या एका गृहस्थांना घेऊन त्यांच्या पत्नी आल्या होत्या. गृहस्थांना लस दिली आणि पत्नीला विचारलं, “वहिनी, तुमची?” त्या म्हणाल्या, “मला कुठं काय झालंय?” दुसरी लस मी तिथेच काढली.

केअर होममध्ये, नर्सिंग होममध्ये (इथे दोन्ही म्हणजे वृद्ध-आजारी माणसांची निवासगृहं) किंवा घरोघरी जाऊन सेवा देणाऱ्या एजन्सीत प्रत्यक्ष माणसांची काळजी घेण्याचं काम करत असाल आणि मालकाने लसीची सोय केलेली नसेल, तर फार्मसीत मोफत मिळते. हॉस्पिटलात काम करणाऱ्यांची सोय त्यांच्या ट्रस्टने, म्हणजे हॉस्पिटल चालवणाऱ्या एनएचएसच्या संस्थेने, करायची असते.

मुलांचं थोडक्यात: शाळेत जाणाऱ्यांना रिसेप्शनपासून (शाळेचं पहिलं वर्ष) इयर ११ पर्यंत शाळेतच लस मिळते. ३१ ऑगस्ट २०२५ ला दोन किंवा तीन वर्षांची असलेली मुलं सर्जरीत जातात, आणि २०२५-२६ च्या हंगामापासून काही फार्मसींतही त्यांना लस मिळू लागली आहे. सगळ्या फार्मसींत नाही, त्यामुळे मुलाला कडेवर घेऊन निघण्याआधी फोन करा.

केव्हा घ्यायची

गरोदर स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठी १ सप्टेंबरपासून, बाकी मोठ्यांसाठी १ ऑक्टोबरपासून. मोठ्यांना महिनाभर थांबवण्यामागे कारण आहे. लसीचं संरक्षण काही महिन्यांत हळूहळू उतरतं आणि इथे फ्लू जोर धरतो तो बहुधा डिसेंबर-जानेवारीत. ऐन वेळी ते टिकून असावं म्हणून ही तारीख. गरोदर स्त्रीला लवकर दिली जाते, कारण तिच्यामार्फत बाळालाही जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत संरक्षण मिळतं.

सेवा ३१ मार्चपर्यंत चालू असते, पण तितकं थांबण्यात अर्थ नाही. टोचल्यावर अंगात संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात. नोव्हेंबर संपायच्या आत उरकावं.

मागच्या वर्षी घेतली असली तरी यंदा पुन्हा लागते. विषाणू रूप बदलत राहतो आणि लसीत कोणते प्रकार घालायचे हे जागतिक आरोग्य संघटना दर फेब्रुवारीत नव्याने सुचवते.

अपॉइंटमेंट

पत्र किंवा मेसेज येण्याची अट नाही. एनएचएस ॲपवर किंवा एनएचएसच्या वेबसाइटवर पोस्टकोड टाकला की जवळच्या फार्मसी आणि मोकळ्या वेळा दिसतात. इंटरनेट जमत नसेल तर ११९ वर मोफत फोन करा. तिसरा रस्ता म्हणजे सरळ फार्मसीत जाऊन विचारणं. बऱ्याच ठिकाणी अपॉइंटमेंटशिवायही घेतात. सगळ्या मोकळ्या वेळा वेबसाइटवर टाकलेल्या असतीलच असं नाही, त्यामुळे तिथे काही दिसलं नाही म्हणून निराश होऊ नका, काउंटरवर विचारा.

नेहमीच्याच फार्मसीत जायला हवं, असंही नाही. ऑफिसजवळची चालते, मुलीच्या गावातली चालते.

कागदपत्रं

भारतातून आलेली माणसं यासाठी फाइल घेऊन येतात, पासपोर्टच्या झेरॉक्ससकट. एवढं काही लागत नाही. नाव, जन्मतारीख, पत्ता आणि जीपी सर्जरीचं नाव सांगता आलं की काम भागतं. एनएचएस नंबर असेल तर रेकॉर्ड पटकन सापडतं; तो ॲपमध्ये आणि हॉस्पिटलच्या पत्रांवर असतो. पासपोर्ट, व्हिसा, बँकेचं स्टेटमेंट घरीच ठेवा.

ज्या एका कागदाचा खरंच उपयोग होतो, तो आपण नेमका कचऱ्यात टाकतो: रिपीट प्रिस्क्रिप्शनची (नेहमीच्या औषधांच्या चिठ्ठीची) उजवीकडची स्लिप, जिच्यावर चालू औषधांची यादी असते. ती नसेल तर गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो आणा. आजाराचं नाव इंग्रजीत सांगता आलं नाही तरी औषध बघून आम्हाला कळतं. केअर क्षेत्रात काम करणाऱ्यांनी ओळखपत्राचा बिल्ला जवळ ठेवावा, म्हणजे बोलणं लवकर संपतं. आईवडिलांना इंग्रजी कळत नसेल तर बरोबर कोणीतरी जावं, कारण संमती त्यांची स्वतःची लागते आणि ती समजून दिलेली असायला हवी.

खोलीत काय होतं

आधी प्रश्न. आज ताप आहे का, पूर्वी कुठल्या लसीने जोराची ॲलर्जी झाली होती का, रक्त पातळ करायचं औषध चालू आहे का. वॉरफरिन घेणाऱ्यांनी शेवटच्या आयएनआरचा (रक्त किती पातळ आहे हे दाखवणाऱ्या तपासणीचा) आकडा सांगावा. लस देता येते, फक्त नंतर जागा थोडा वेळ दाबून धरावी लागते. साधी सर्दी असेल तर लस टळत नाही. ताप चढलेला असेल तर बरं होऊन या.

सुई दंडाच्या वरच्या भागात देतात. थर्मल, त्यावर शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर जाकीट असा कांद्यासारखा वेष करून येऊ नका. पाच मिनिटांच्या अपॉइंटमेंटमधली तीन मिनिटं सोलण्यात जातात. साडीवाल्या आज्ज्या या बाबतीत सगळ्यांत सोयीच्या.

नवरा ६७ चा आणि बायको ६१ ची, डायबेटिसवाली, अशी जोडी आली की दोघांना वेगवेगळी लस मिळते आणि “यांना भारीतली आणि मला साधी का?” हा प्रश्न ठरलेला. वय वाढलं की साध्या लसीला शरीर कमी प्रतिसाद देतं, म्हणून ६५ आणि त्यापुढच्यांना जास्त परिणाम करणारी लस देतात. मोठ्यांच्या लसी प्रत्येक फार्मसी आपापल्या अंदाजाने आगाऊ मागवते. त्यामुळे कधीकधी एका प्रकारच्या संपतात आणि दुसऱ्या प्रकारच्या फ्रिजमध्ये भरपूर असतात. त्या सरसकट देता येत नाहीत. आठवड्याने या, किंवा दुसरी फार्मसी बघा.

शाकाहारी लोकांसाठी दोन गोष्टी. काही लसी कोंबडीच्या अंड्यात वाढवलेल्या विषाणूपासून बनतात, काहींना अंडं लागतच नाही. बुकिंग करताना विचारलंत तर सांगता येतं. मुलांच्या नाकात मारायच्या स्प्रेमध्ये डुकरापासून काढलेलं जिलेटिन असतं. ते चालत नसेल तर इंजेक्शन मागता येतं, संकोच करू नका.

लस टोचल्यावर दंड दुखतो, क्वचित कणकण येते, एक-दोन दिवसांत जाते. लसीमुळे फ्लू झाला असं होत नाही, कारण इंजेक्शनच्या लसीत जिवंत विषाणू नसतो.

कोविडची लस त्याच बैठकीत घेता येते, पण २०२५-२६ च्या हंगामात तिचे नियम वेगळे आहेत: ७५ वर्षं आणि त्यापुढचे, वृद्धांच्या केअर होममध्ये राहणारे, किंवा प्रतिकारशक्ती दुबळी असलेले. सत्तर वर्षांच्या ठणठणीत माणसाला फ्लूची मिळते आणि कोविडची मिळत नाही, यावरून आमच्याशी वाद घालून उपयोग नाही.

यादीत बसत नसाल तर

पैसे भरून लस घेता येते. साधारण १५ ते २५ पौंड पडतात, दुकानागणिक फरक असतो. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांसाठीही हा रस्ता खुला आहे.

फार्मसीत घेतलेल्या मोफत लसीची नोंद त्याच दिवशी किंवा पुढच्या कामाच्या दिवशी तुमच्या सर्जरीकडे जाते. तरीही त्यांचा ‘तुमची लस राहिली आहे’ असा मेसेज आला, तर ‘फार्मसीत घेतली’ एवढं तारखेसकट कळवा. पैसे भरून घेतलेल्या लसीची नोंद मात्र आपोआप जाईलच असं धरून चालू नका. पावतीचा फोटो काढून सर्जरीला पाठवून द्या.