ग्लायडरची शेपटी: दाबणारी की उचलणारी?

संक्रांतीला जळगावच्या गच्च्यांवर एखादा पतंग गोते खाऊ लागला की पोरं त्याच्या बुडाला चिंधी बांधतात. पतंग ठरतो, पण जड होतो. पुढे पऱ्हाटी उपटलेल्या वावरात थर्माकोलचे ग्लायडर सोडतानाही वाद तोच असतो: स्थिर उडण्यासाठी शेपटीला, म्हणजे मागच्या छोट्या आडव्या पंखाला, किती द्यायचं?

1804 मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज केलीने ग्लायडर केला, तेव्हा पंख म्हणून काठीवर चक्क कागदी पतंगच बसवला होता. मागे कोन बदलता येणारी शेपटी, पुढे सरकवता येणारं वजन. ट्रिम करायला, म्हणजे ग्लायडर सरळ आणि स्थिर उडेल असा जुळवायला, आजही आपल्या हाती ह्याच दोन गोष्टी आहेत.

1871 मध्ये पॅरिसच्या त्विलरी बागेत अल्फोन्स पेनोचं रबराच्या पिळावरचं मॉडेल 11 सेकंदांत सुमारे 40 मीटर गेलं. त्याची शेपटी पंखापेक्षा कमी कोनात होती. नाक खाली गेलं की शेपटी मागून दाबते, नाक वर येतं. वर गेलं की उलट. धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवरून उडणाऱ्या शिकाऊ विमानांची शेपटीही सहसा दाबणारीच.

पण दाबण्याचा हिशेब पंखाच्या खात्यावर पडतो. 410 ग्रॅमच्या ग्लायडरची शेपटी 20 ग्रॅमने दाबत असेल तर पंखाला 430 ग्रॅम उचलावे लागतात. उचलीपोटी येणारा हवेचा अवरोध उचलीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे त्याच वेगाला तो 10 टक्क्यांनी जास्त.

410 ग्रॅम हा आकडा उगाच घेतलेला नाही. दोरीने ओढून मोकळ्या सोडायच्या ‘नॉर्डिक’ ग्लायडरचं ते किमान वजन. त्यांच्या नियमात पंख आणि शेपटी मिळून क्षेत्रफळ 32 ते 34 चौरस डेसिमीटर मोजतात. शेपटी मोजलीच जाणार, तर तिलाही कामाला लावू, असं म्हणून मंडळींनी गुरुत्वमध्य मागे नेला आणि शेपटीला पंखासारखा बाक देऊन तिच्याकडून उचल घेतली. माझ्या मते आपल्याकडे ही बाकदार शेपटी आली, तिच्यामागचा नियम मात्र आला नाही. शेपटी आखूड असते, तिला उचल महाग पडते: या टोकापासून त्या टोकापर्यंतची लांबी पंखाच्या चौथाईएवढी असेल, तर तेवढ्याच भाराला असा अवरोध 16 पट.

रेडिओने चालवायच्या ग्लायडरच्या शेपटीचा कोन हवेतच बदलता येतो. म्हणून तिथे स्थैर्याची राखीव कमी ठेवून शेपटीवरचा भार शून्याजवळ आणतात. थर्माकोलवाल्यांनी नाकातलं शिसं जरा मागे सरकवावं आणि शेपटी दाबती राहावी म्हणून तिच्या मागच्या कडेखाली खोचलेली काडेपेटीची काडी काढावी. मात्र हे सकाळी, वारा पडलेला असताना. दुपारी काळी माती तापून वावटळी उठू लागल्या, की शिसं पुढे आणि काडी पुन्हा जागेवर.